स्टुडिओतील व्यक्तिचित्र आणि त्वचेचा वर्ण : पश्चिम भारतातील छायाचित्रणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील जुन्या घरांत ओटीवर किंवा माजघरात पूर्वजांच्या तसबिरी टांगलेल्या आढळतात. त्यांपैकी बहुतेक तसबिरी गावातील किंवा जवळच्या शहरातील एखाद्या स्टुडिओत काढलेल्या असतात. घरातील पुढच्या पिढ्यांना आजोबा-पणजोबांचा चेहरा माहीत असतो तो या तसबिरींमुळेच. इतिहासाच्या अभ्यासकालाही चरित्रग्रंथ, गौरवग्रंथ आणि स्थानिक इतिहास यांसाठी हीच छायाचित्रे उपयोगी पडतात. मात्र मोडी कागद हाती आल्यावर तो अस्सल आहे की नक्कल, त्यातील अक्षर कोणाचे, शाई व कागद कोणत्या काळातील, असे प्रश्न विचारणारा अभ्यासक छायाचित्राच्या बाबतीत तितका चिकित्सक राहत नाही. 'कॅमेरा खोटे बोलत नाही' ही समजूत त्यामागे असते.

प्रत्यक्षात स्टुडिओतील व्यक्तिचित्र हे प्रकाशयोजना, रंगांची नोंद करणारे रासायनिक द्रव्य आणि चित्रावर नंतर होणारे हस्तकाम अशा तीन घटकांतून घडते. हस्तकामाच्या या प्रकारास व्यवसायात 'रिटचिंग' म्हणतात. या तिन्ही घटकांत गेल्या पावणेदोनशे वर्षांत सतत सुधारणा होत गेल्या. या सुधारणांचा भारतीय त्वचेच्या वर्णाशी कोणता संबंध आला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. 

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) छायाचित्रण-द्रव्यांची रंगसंवेदनक्षमता आणि त्वचेचे चित्रण यांचा संबंध तपासणे, (२) रिटचिंगच्या तंत्राचे स्वरूप व त्याचा कल स्पष्ट करणे, (३) व्यक्तिचित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून वापर करताना कोणती चिकित्सा आवश्यक आहे ते सुचविणे. अभ्यासाचे क्षेत्र प्रामुख्याने मुंबई व पश्चिम भारत हे आहे. तंत्राचा उगम युरोप-अमेरिकेत असल्याने आवश्यक तेथे त्याचा आढावा घेतला आहे.

१. मुंबईतील छायाचित्रणाचा आरंभ

दागेर याच्या पद्धतीची माहिती पॅरिस येथे ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज संशोधकाने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर निगेटिव्ह तयार करून तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढणे या पद्धतीमुळे सुलभ झाले आणि छायाचित्रण हा व्यवसाय बनला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना झाली. तिच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा समावेश होता. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. म्हणजेच कॅमेऱ्यापुढे बसणारी व्यक्ती जशी एतद्देशीय होती, तसाच कॅमेऱ्यामागील माणूसही आरंभीपासून काही अंशी एतद्देशीय होता.

त्याच काळात विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे वेगळी काढून ती निराळ्याच पार्श्वभूमीवर बसविलेली आहेत. छायाचित्रातील फेरफार ही संगणकयुगाची देणगी नसून तिचा मुंबईतील इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२. चांदीच्या क्षारांची वर्णांधता

ओल्या कोलोडियनच्या काचेवर प्रकाशाची नोंद करण्याचे कार्य चांदीचे क्षार करीत. हे क्षार निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश तेवढा टिपत. पिवळा व तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नसे. परिणामी निळे वस्त्र चित्रात पांढरट उमटे, तर तांबडे किंवा पिवळे वस्त्र काळपट दिसे. गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरील फिकट तांबूस डागही या काचेवर गडद ठिपक्यांसारखे उमटत.

भारतीय त्वचेच्या बाबतीत हा दोष अधिक तीव्र होता. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा व जंबुपार प्रकाश मोठ्या प्रमाणावर शोषून घेते आणि तांबडा प्रकाश त्या मानाने अधिक परावर्तित करते. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाचा जो भाग डोळ्यांना उबदार व तजेलदार वाटतो, नेमका तोच भाग काचेला दिसत नव्हता. त्यामुळे सावळी व्यक्ती चित्रात प्रत्यक्षापेक्षा पुष्कळच काळी दिसे. त्वचेच्या छटांमधील मूळचे लहान अंतरही चित्रात वाढलेले दिसे.

महाराष्ट्रीय स्त्रीच्या व्यक्तिचित्रात या वर्णांधतेच्या खुणा सहज ओळखता येतात. कपाळावरील तांबडे कुंकू काळ्या टिकलीसारखे दिसते. हळद लावलेली त्वचा उजळ दिसण्याऐवजी काळवंडते. ठुशी, बुगडी, वाक्या या सोन्याच्या दागिन्यांवर जेथे प्रकाश थेट चमकतो तेवढाच भाग पांढरा उमटतो व उरलेले सोने काळपट दिसते. तांबड्या लुगड्याचा रंग काळा असावा, असा गैरसमज अशा चित्रावरून सहज होऊ शकतो. वस्त्रांच्या रंगांविषयी केवळ चित्रावरून विधान करणाऱ्या अभ्यासकाने ही गोष्ट ध्यानी घेणे आवश्यक आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे इष्ट ठरेल. या दोषामागे कोणाचा वंशविषयक हेतू होता असे म्हणता येत नाही; तो रसायनाचा स्वभाव होता. परंतु त्याच काळात वसाहतीच्या शासनाला प्रजेच्या वर्गीकरणासाठी छायाचित्रे हवी होती. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्याचे उदाहरण होय. वर्णांधतेचा दोष असलेल्या साधनातून निघालेली प्रतिमा शास्त्रीय पुरावा मानली गेली, हे त्या दोषाचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे.

३. उत्तरेचा प्रकाश

विजेच्या दिव्यांपूर्वी स्टुडिओची बांधणीच प्रकाशयोजनेवर आधारलेली असे. छपराचा व भिंतीचा काही भाग काचेचा करून तो उत्तरेकडे ठेवावा, असा युरोपीय हस्तपुस्तिकांचा नियम होता. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून येणारा प्रकाश आकाशाचा असतो, सूर्याचा थेट नसतो. म्हणून तो मृदू व स्थिर राहतो. मुंबई मात्र सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे हा नियम येथे वर्षभर जसाच्या तसा लागू पडत नाही. छतापाशी सरकते पांढरे व निळे पडदे लावून प्रकाश कमी-अधिक करणे हाच त्यावरील उपाय होता.

चेहऱ्यावरील प्रकाशाचा प्रश्न येथे संपत नव्हता. ओल्या काचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ डोके स्थिर राहावे म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या चित्रांतील ताठर मुद्रेचे हे एक कारण आहे. शिवाय एतद्देशीय पुरुषाच्या पोशाखात पांढरे धोतर, उपरणे व अंगरखा असे. चेहऱ्याला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत थांबल्यास पांढरे वस्त्र सपाट पांढरे होऊन त्याच्या चुण्या नाहीशा होत. वस्त्र सांभाळल्यास चेहरा काळोखात जाई. सावळ्या चेहऱ्याची घडण दाखविण्यासाठी बाजूने येणारा, विस्तृत व मृदू प्रकाश लागतो. कारण अशा त्वचेवर आकाराचा बोध सावलीपेक्षा गालाच्या व कपाळाच्या उंचवट्यांवरील चकाकीतून अधिक होतो. कुशल छायाचित्रकार ही गोष्ट अनुभवाने शिकला. जो शिकला नाही त्याने चेहऱ्याचे काम पुढच्या माणसावर, म्हणजे रिटचरवर सोपविले.

४. रिटचिंगचे तंत्र आणि त्याचा कल

रिटचिंगला युरोपात प्रतिष्ठा मिळाली ती म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फष्टेंग्ल याच्यामुळे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने एकाच व्यक्तीचे हस्तकाम केलेले व न केलेले अशी चित्रे मांडली. डिस्देरी याने १८५४ मध्ये एकस्व घेतलेल्या छोट्या 'कार्त द व्हिझित' चित्रांमुळे पुढच्या दशकात व्यक्तिचित्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गिऱ्हाईक वाढले तशी 'चांगले दिसण्याची' मागणीही वाढली. रिटचर हा स्टुडिओतील स्वतंत्र कारागीर बनला.

त्याची साधने साधी होती. तिरक्या मेजाच्या मधोमध दुधी काच, तिच्याखाली प्रकाश वर फेकणारा आरसा, सुईसारखे लांब टोक केलेल्या कठीण पेन्सिली, एक बारीक धारेचे पाते आणि भिंग. निगेटिव्हवर पेन्सिल धरावी म्हणून प्रथम राळ व टर्पेंटाइनचे पातळ द्रावण चोळीत. नंतर डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालील काळिमा यांवर स्वल्पविरामासारखे सूक्ष्म फटकारे देत तो भाग भरून काढीत. मोठा भाग उजळ करावयाचा असल्यास तांबडा रंग पातळ करून कुंचल्याने निगेटिव्हवर चढवीत. छपाईच्या कागदाला तांबडा प्रकाश दिसत नसल्याने तेवढा भाग कागदावर फिकट उमटे.

या तंत्रातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. निगेटिव्हमध्ये उजेड काळा व अंधार पारदर्शक असतो. म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलीने जे वाढविले जाते ते कागदावर उजळ होते. चेहऱ्याचा एखादा भाग गडद करावयाचा तर पात्याने इमल्शन खरवडावे लागे आणि हात चुकल्यास काच कायमची बिघडे. म्हणजे उजळ करणे सोपे व सुरक्षित, तर गडद करणे अवघड व धोक्याचे होते. रिटचरची आवडनिवड क्षणभर बाजूस ठेवली तरी त्याच्या हातातील साधनाचाच कल गोरेपणाकडे होता.

आरंभी या कामाला न्याय्य कारणही होते. काचेने काळवंडलेला चेहरा पुन्हा मूळ छटेवर आणणे ही दुरुस्ती होती. डोळ्यांना दिसणारा चेहरा आणि काचेवर उमटलेला चेहरा यांतील अंतर रिटचर भरून काढीत होता. परंतु ही दुरुस्ती कोठे थांबवावी याचे मोजमाप कोणाजवळही नव्हते. गिऱ्हाईक समाधानी झाले की काम पूर्ण झाले, एवढेच प्रमाण होते. गोरेपणाला सामाजिक मान असलेल्या समाजात ते प्रमाण कोणत्या दिशेने सरकणार, हे उघड आहे.

रिटचिंगचा आणखी एक परिणाम आरोग्याच्या इतिहासाशी संबंधित आहे. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त घोषित झाला. तोपर्यंत चेहऱ्यावर देवीचे वण असणे ही नित्याची गोष्ट होती. डाग व खड्डे बुजविणे हेच रिटचरचे पहिले काम असल्याने स्टुडिओतील चित्रांच्या आधारे त्या वणांच्या प्रमाणाविषयी कोणताही अंदाज बांधणे धोक्याचे ठरेल.

५. रंगविलेली छायाचित्रे

कृष्णधवल चित्रावर हाताने रंग चढविण्याची प्रथा युरोपातही होती. भारतात मात्र तिला लघुचित्रांच्या परंपरेतील चित्रकारांची जोड मिळाली. जलरंग, अपारदर्शक रंग आणि प्रसंगी सोनेरी वर्ख यांनी चित्र इतके झाकले जाई की खालचे छायाचित्र चेहऱ्यापुरतेच उरे. जुडिथ मारा गटमन यांच्या १९८२ मधील ग्रंथाने या चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. क्रिस्टोफर पिनी यांनी १९९७ मधील 'कॅमेरा इंडिका' या ग्रंथात भारतीय स्टुडिओचे सामाजिक जीवन तपशिलाने मांडले.

या रंगकामाला केवळ फसवणूक मानणे अन्यायाचे होईल. काचेने काळे केलेले सोने रंगाऱ्याने पुन्हा सोनेरी केले आणि काळे कुंकू पुन्हा तांबडे केले. ज्या रंगांना विवाहित स्त्रीच्या जीवनात अर्थ होता, ते रसायनाने पुसले होते व हाताने परत आणले. तथापि त्याच कुंचल्याने चेहऱ्यावर फिकट गुलाबी छटाही चढे. मृत व्यक्तीचे चित्र समूहचित्रातून वेगळे काढून मोठे करण्याची चालही होती. अशा 'एन्लार्जमेंट'मध्ये कोट, पगडी व त्वचेचा वर्ण हे सर्व रंगाऱ्याच्या हाती असे. कुटुंबाच्या स्मृतीत मग तोच वर्ण कायम होई.

६. नवी फिल्म, विजेचे दिवे आणि जुनी सवय

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल या शास्त्रज्ञाने इमल्शनमध्ये विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळल्यास ते हिरवा व पिवळा प्रकाशही टिपते, असे दाखविले. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा निघाल्या. १९०६ मध्ये क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने तांबड्यासह सर्व दृश्य रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आणल्या. सावळ्या चेहऱ्याचे यथार्थ चित्रण तत्त्वतः आता शक्य झाले. तरीही व्यक्तिचित्रांसाठी ऑर्थोक्रोमॅटिक द्रव्य दीर्घकाळ टिकले. ते स्वस्त होते आणि तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांदेखत धुता येई. पॅनक्रोमॅटिक फिल्मला पूर्ण अंधार लागे.

पश्चिम भारतात याच संक्रमणाच्या काळात स्टुडिओचा व्यवसाय विस्तारला. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ आणि १८९६ मध्ये मुंबईत शाखा उघडली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत होते. मुंबईतील हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ मध्ये सुरू झाला. १९४८ मध्ये जे. एच. ठक्कर यांनी दादर येथे इंडिया फोटो स्टुडिओ स्थापन केला.

ठक्कर यांनी काढलेली हिंदी चित्रपटतारकांची व्यक्तिचित्रे विजेच्या प्रकाशयोजनेचा उत्तम नमुना होत. मुख्य दिवा, सावली सौम्य करणारा पूरक दिवा, केसांची कड उजळणारा मागचा दिवा आणि पार्श्वभूमीवरील दिवा ही रचना हॉलिवूडच्या स्टुडिओंतून आली होती. रिटचरने पेन्सिलीने जे करायचे, त्यातील बरेचसे आता दिवाच करू लागला. चेहऱ्यावर समोरून व वरून पडणारा तीव्र प्रकाश सुरकुत्या पुसतो, गालांना आकार देतो आणि त्वचा उजळही करतो. या चित्रांच्या प्रती घरोघर पोहोचल्या आणि लहान गावांतील स्टुडिओंपुढे तोच आदर्श उभा राहिला. काचेची वर्णांधता संपली होती. परंतु तिच्यावरील उपाय म्हणून आलेली उजळपणाची सवय आता सौंदर्याचा नियम बनली होती.

७. रंगीत फिल्म व संगणक

रंगीत फिल्ममुळे हा प्रश्न संपेल अशी अपेक्षा करता आली असती. परंतु रंगीत छपाईचे यंत्र जुळविण्यासाठी कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळांना जी नमुना-चित्रे पुरविली, त्यांत गोऱ्या स्त्रीचे चित्र असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ती ओळखली जात. त्या स्त्रीची त्वचा बरोबर उमटली की यंत्र बरोबर मानले जाई. लोर्ना रॉथ यांनी २००९ मधील लेखात या मानकाचा इतिहास दिला आहे. चॉकलेट व लाकडी सामान यांच्या जाहिरातींत तपकिरी छटा नीट येत नाहीत, अशा उत्पादकांच्या तक्रारींनीही फिल्ममधील सुधारणेला चालना दिली, हे त्यातील विशेष. विविध वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे १९९० च्या दशकात आली. 

१९९० मध्ये फोटोशॉप ही संगणकप्रणाली बाजारात आली. तिच्या २००२ मधील सातव्या आवृत्तीत डाग बुजविताना आसपासच्या त्वचेचा पोत राखणारे साधन समाविष्ट झाले. रिटचरला जे काम तासभर लागे ते मिनिटांत होऊ लागले. येथे तंत्राच्या इतिहासातील एक मूलभूत बदल नोंदविला पाहिजे. संगणकावर उजळ करणे व गडद करणे सारखेच सोपे आहे. पेन्सिलीचा जो नैसर्गिक कल होता तो आता उरला नाही. तरीही स्टुडिओत चेहरा उजळच केला जातो. म्हणजे हा कल साधनातून समाजाच्या अपेक्षेत पूर्णपणे उतरला आहे.

याचा सर्वाधिक भार विवाहेच्छू मुलींवर पडला. पत्रिका आणि फोटो पाठविण्याची पद्धत रूढ झाल्यापासून 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ', 'सावळी' या शब्दांबरोबर स्टुडिओतील चित्रही वधूच्या पारखणीचे साधन झाले. फोटोत उजळ दिसलेली मुलगी प्रत्यक्ष पाहण्याच्या कार्यक्रमात सावळी ठरली, तर दोष फोटोचा न मानता मुलीचा मानला जाई. एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने २०२० मध्ये वर्णानुसार निवड करण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' या मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळण्यात आला. या बदलांचे स्वागत करतानाच, मोबाइलमधील सौंदर्यवर्धक फिल्टरने हेच काम घरोघर नेले आहे, हेही नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूस, समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा छटांची वर्णपट्टी गूगलने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. सावळ्या त्वचेला मापनात स्थान देण्याचा तो प्रयत्न होय.

८. व्यक्तिचित्राची साधनचिकित्सा

वरील विवेचनाच्या आधारे जुन्या व्यक्तिचित्राची चिकित्सा करताना पुढील गोष्टी पाहता येतील. प्रथम, कुंकू, सोने व निळ्या वस्तू यांच्या छटांवरून द्रव्याची रंगसंवेदनक्षमता ताडून पाहावी. दुसरे, चेहऱ्याची छटा हात, मान व कान यांच्या छटेशी ताडावी. रिटचरचे लक्ष चेहऱ्यावर केंद्रित असल्याने हात बहुधा मूळ छटेत राहतात. तिसरे, बाहुलीतील प्रकाशाचा ठिपका पाहावा. चौकोनी ठिपका खिडकीचा किंवा काचेच्या छपराचा, तर गोल ठिपके दिव्यांचे असतात. चौथे, निगेटिव्ह उपलब्ध असल्यास ती तिरक्या प्रकाशात धरावी. पेन्सिलीचे फटकारे व खरवडलेल्या जागा स्पष्ट दिसतात. स्टुडिओ बंद होताना जुन्या काचा रद्दीत जातात आणि त्यांबरोबर हा पुरावाही नष्ट होतो. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरातील अशा काचांची किमान नोंद तरी करणे निकडीचे आहे.

निष्कर्ष

१. आरंभीच्या छायाचित्रण-द्रव्यांना तांबडा व पिवळा प्रकाश टिपता येत नसल्याने भारतीय त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळी उमटली. हा रसायनाचा दोष होता; परंतु त्याला शास्त्रीय पुराव्याचा दर्जा मिळाला.

२. रिटचिंग ही त्या दोषावरील दुरुस्ती होती. मात्र निगेटिव्हवर उजळ करणे सोपे आणि गडद करणे कठीण असल्याने तंत्राचा कल गोरेपणाकडे राहिला.

३. पॅनक्रोमॅटिक फिल्म, विजेचे दिवे व संगणक यांनी मूळ दोष आणि तंत्राचा कल हे दोन्ही दूर केले. तरीही उजळ करण्याची प्रथा टिकली, कारण तोवर ती सामाजिक अपेक्षा बनली होती.

४. स्टुडिओतील व्यक्तिचित्र हे व्यक्तीच्या वर्णाचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. त्या व्यक्तीला व तिच्या समाजाला कसे दिसावेसे वाटत होते, याचा मात्र ते विश्वसनीय पुरावा आहे.

माजघरातील तसबिरीत दिसणारा आजीचा उजळ चेहरा आणि तिच्याच मांडीवर ठेवलेले सावळे हात यांतील अंतर हे छायाचित्रकाराचे अपयश नव्हे. ते एका काळाचे साधन आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते त्याच दृष्टीने वाचले पाहिजे.